चौदाव्या खांबाजवळचा अडथळा

ऑफिसात तिला मॅडम म्हणत, घरी सूनबाई. आपणही सूनबाईच म्हणू, कारण ही गोष्ट सुरू ऑफिसात झाली तरी शेवटी घरातच येऊन बसते.

सूनबाई वाहतूक नियंत्रण कक्षात कामाला होती. नाव ऐकून छाती दडपते खरी, पण आत गेलात तर एक लांबट, बिनखिडकीची खोली. भिंतभर पडदे, चार टेबलं, आणि सतत भणभणणारा एसी. तो बंद करायचं बटण कुठे आहे ते आजवर कुणालाही सापडलेलं नव्हतं, म्हणून भर उन्हाळ्यातही सगळे स्वेटर घालून बसत. शहराबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला सूनबाईने खांबाखांबावर सेन्सर बसवून घेतले होते. सेन्सर म्हणजे एक चपटा डबा. समोरून गाडी गेली की ती केवढी, वेग किती, पुढच्या गाडीपासून अंतर किती, हे त्याने टिपायचं आणि लगेच कक्षात कळवायचं. एका खांबापाशी गाड्या झपाझप येतायत आणि पुढच्या खांबापाशी रेंगाळतायत असं दिसलं, की पडद्यावर त्या जागी लाल ठिपका. कुठे ट्रक बंद पडलाय, कुठे वाळू सांडलीय, ते लोकांचे शिव्या देणारे फोन यायच्या आधी आपल्याला कळावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

यंत्रणा अजून चाचणीवर होती. बाहेरची समिती यायची होती. तिने मान डोलावली तर शहरातल्या सगळ्या रस्त्यांवर हे डबे लागणार, नाहीतर लागलेलेही उतरवून गोदामात जाणार. सूनबाईने या डब्यांपायी किती सुट्ट्या घालवल्या, किती जेवणं थंड केली, ते तिच्या नवऱ्याला विचारा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तो येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या घरात मी तिसऱ्या नंबरावर. आधी डबे, मग बाबा, मग मी."

सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते खांब चौदापाशी.

तिथे रोज लाल ठिपका उमटायचा. सकाळी नाश्त्याच्या सुमारास सुरू व्हायचा, दुपारी जेवणाच्या वेळेला गायब, पुन्हा चार-साडेचारला हजर. बरं, कॅमेऱ्यात बघावं तर तिथे काहीच नाही. अपघात नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. सरळसोट रस्ता, कडेला दाट झाडं, त्यांच्या आडचं काही दिसायचं नाही. तरी गाड्या तिथे येऊन किंचित अडखळायच्या, आणि ते अडखळणं मागे मागे सरकत खांब नऊपर्यंत जायचं, नि तिथे गाड्यांची ही रांग!

"पण चौदापाशी कुणी थांबतच नाही, तर नऊपाशी रांग कशी लागते?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पहिला नुसता ब्रेकला पाय लावतो. त्याच्या मागचा दचकून जरा जास्त लावतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. असं करत करत पार मागे कुणीतरी बिचारा चक्क थांबतो. त्याला पुढे काय झालं हे कधीच कळत नाही. तो आपला नशिबाला बोल लावत बसतो."

"हं. बघू," साहेब म्हणाले.

साहेब प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणत. रजेचा अर्ज, नवी खुर्ची, वाढदिवसाचं आमंत्रण, सगळ्याला बघू. म्हणून त्यांचं नावच बघूसाहेब पडलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की त्यांच्या पोटात कळ यायची. दाराशी जाऊन ते मात्र वळले. "समितीसमोर तो लाल ठिपका लागला आणि आपल्याला कारण सांगता आलं नाही, तर ते म्हणणार यंत्रणा उगाच बोंब मारते. मग संपलंच. तेवढं लक्षात ठेवा."

सूनबाईच्या लक्षात होतंच. झोपेतही होतं.

तिने खांबवाल्याला बोलावलं. खांबवाला म्हणजे डबे बसवणारा, काढणारा, पुसणारा. आडव्या बांध्याचा गडी, शिडीवर मात्र खारीसारखा सरसर चढायचा. चौदाव्या खांबावरचा डबा त्याने याआधी तीनदा बदलून पाहिला होता.

"डब्यात काही खोट नाही मॅडम. देवाशप्पथ."

"मग तिथे आहे तरी काय? नीट आठवून सांगा."

"काय असणार? झाडं आहेत. एका बिल्डिंगचं मागचं फाटक आहे. फाटकाशी खुर्ची टाकून एक आजोबा बसलेले असतात. लई मोकळा माणूस! मी शिडी लावली की चहा आणतात, वर आणि शिडी धरून उभे राहतात. बाकी काही नाही."

"आजोबांचा काय संबंध! रस्त्यावर काय आहे ते सांगा," सूनबाई वैतागून म्हणाली, आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

इथे मला तिचा कान धरावासा वाटतो. पण तिचीही बाजू आहे. तो रस्ता तिला आकड्यांनी तोंडपाठ होता. पडद्यावर तो एक आडवी रेघ होता आणि त्या रेघेवर एक ते तीस असे खांब. ती कामावर जायची ती पुढच्या दारातून, गल्लीतून, स्कूटरवरून, मोठ्या रस्त्याला न लागता. खांब चौदा कुणाच्या मागच्या फाटकाशी उभा आहे, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. जिने सगळ्या रस्त्याला डोळे बसवले, तिने स्वतःच्या घराच्या मागच्या बाजूला काही डोकावून बघितलं नव्हतं.

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी मात्र तिने हात टेकले. "चला, मीच येते," म्हणून ती खांबवाल्याच्या गाडीत बसली. चौदापाशी उतरली, वर डब्याकडे पाहिलं, खाली रस्त्याकडे पाहिलं, आणि मागून ओळखीचा आवाज आला.

"सूनबाई? अगं, तू इथे कशी?"

फाटकाशी घडीच्या खुर्चीवर तिचे सासरे बसले होते. शेजारी थर्मास, थर्मासावर उपडा कप.

"हेच ते आजोबा, मॅडम," खांबवाला कौतुकाने म्हणाला. "तुमची ओळख आहे वाटतं?"

सूनबाईने नुसती मान हलवली.

बाबांबद्दल इथे सांगायला हवं. आख्खा जन्म त्यांनी शहरातली बस चालवली, शेवटची बरीच वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. डेपोत त्यांना उस्ताद म्हणत. निवृत्त झाले आणि माणूस एकदम विझला. सकाळी उठून गणवेशाच्या रंगाचाच शर्ट घालायचे आणि टीव्हीसमोर बसायचे, टीव्ही न लावता. जेवायला चला म्हटलं की जेवायचे. कसं वाटतंय विचारलं की "ठीक". घरात असून नसल्यासारखे. सूनबाई आणि तिचा नवरा दोघंही मनातून हादरले होते. आणि मग एक दिवस काय चमत्कार झाला कोण जाणे, बाबा खुर्ची घेऊन मागच्या फाटकाशी बसू लागले आणि परत माणसात आले. भाजी चिरताना गुणगुणायला लागले. सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागले. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालंय म्हणून त्यांनी कटकट केली, तेव्हा नवरा-बायकोने आत जाऊन आनंदाने एकमेकांना टाळी दिली होती. फाटकाशी बसून ते रहदारी बघतात, एवढंच तिला माहीत होतं. म्हातारपणी माणूस कुठेतरी बसतोच की.

"बस ना," बाबा म्हणाले. "तेरा नंबर येईल आता. माझ्या हाताखालचा पोरगा आहे."

तेरा नंबरची बस आली. फाटकासमोर येताच तिचं पुढचं तोंड जरासं खाली गेलं नि वर आलं, आणि बस निघून गेली. बाबांनी दोन बोटं कपाळाला लावली.

"हे... हे काय होतं, बाबा?"

"नमस्कार! आमच्या डेपोची पद्धत आहे ती. पूर्वी आमच्या रूटवर मोठा दवाखाना होता, हॉर्नला सक्त मनाई. मग वडीलधारं माणूस दिसलं तर करायचं काय? ब्रेकला पायाचा नुसता अंगठा लावायचा. बस वाकते, आतल्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. मीच शिकवलंय सगळ्यांना." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "एकजण चुकत नाही बघ. आता सातवाला येईल. तो जरा जोरात वाकवतो, पहिल्यापासून धसमुसळाच."

सातवाला आला. जोरात वाकला. त्याच्या मागच्या गाडीने करकचून ब्रेक मारला, तिच्या मागच्या टेम्पोने त्याहून करकचून. सूनबाईला मागे वळून बघायची गरज नव्हती. पार खांब नऊपर्यंत काय काय होणार, ते तिला डोळे मिटून दिसत होतं.

खांबवाला एकदा बसकडे, एकदा डब्याकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे तिच्या!" आणि बाबांनी हातात दिलेला चहाचा कप हळूच खाली ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना सूनबाई मूग गिळून बसली होती. सांगायचं तर बाबांची खुर्ची जाणार. खुर्ची गेली की ते पुन्हा त्या बंद टीव्हीसमोर. न सांगावं तर उद्या समितीपुढे तोंडघशी पडायचं आणि सगळे डबे गोदामात. घास हातात धरून ती भिंतीकडे बघत होती.

"आज मीठ बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मग तोंड का पाडून बसलीयस?"

"काही नाही."

"मी माणसांना गाडी शिकवलीय, सूनबाई. कोण घाबरलंय ते मला त्याच्या खांद्यावरून कळतं. बोल."

मग तिने सांगितलं. सगळं सांगितलं, लाल ठिपका, रांग, समिती. नवरा मध्येच म्हणाला, "असू दे गं, लोक पाच मिनिटं थांबले तर काय आभाळ कोसळतंय?" पण बाबांनी त्याला हाताने गप्प केलं.

"माझ्यामुळे?" ते म्हणाले. "रस्ता माझ्यामुळे अडतो?"

"तुमच्यामुळे म्हणजे तसं नाही, बाबा..."

"तसंच आहे ते. ज्या पोराने विनाकारण मागच्याला ब्रेक मारायला लावला, त्याला मी बसमधून खाली उतरवून चालायला लावायचो. आणि आता मीच रोज खुर्चीवर बसून..." ताटातलं अन्न मात्र त्यांनी संपवलं, कारण टाकायची सवय नव्हती. मग उठले, मागे गेले आणि फाटकाशी ठेवलेली खुर्ची घडी करून घरात घेऊन आले. दाराआड भिंतीला टेकवून ठेवली.

"उद्या तुझा रस्ता सरळ चालेल," ते म्हणाले. "जा, झोप."

सूनबाईला रडूच आलं. आणि रडताना स्वतःचा रागही आला, कारण मनाच्या एका कोपऱ्यात तिचा जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघंजण. अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या, ठसठशीत बाई होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "एवढा एसी कशाला?" बघूसाहेबांनी त्यांना आपला स्वेटर देऊ केला, तो त्यांनी घेतलाही.

सूनबाईने पडदा दाखवायला सुरुवात केली. रेघ कशी हिरवीगार होती! चौदापाशी ठिपक्याचा मागमूस नाही. तिने मनात म्हटलं, बाबा, तुमचे उपकार कसे फेडू. एवढं म्हणते न म्हणते तोच चौदापाशी लाल ठिपका लागला. नेहमीचा टिचभर नव्हे, चांगला टपोरा. बघता बघता मागचे तेरा, बारा, अकराही लाल झाले. असा अडथळा तर खुर्ची असताना कधी आला नव्हता!

"हे काय झालं?" समितीतल्या एकाने चष्मा वर करून विचारलं.

बघूसाहेब तिच्या कानाशी आले. "सांगा, तिथला डबा नादुरुस्त आहे. एकच डबा आहे म्हणा, बदलून टाकू म्हणा. सुटू आपण!"

सुटकेचा रस्ता खरंच सोपा होता. बाबांचं नावही निघालं नसतं. सूनबाईने तोंड उघडलं, आणि तिला ते जमेना. इतके दिवस ज्या डब्याने खरं तेच सांगितलं, त्याला आता सगळ्यांसमोर खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

"डबा बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक आमच्या घरची आहे."

"म्हणजे?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने बंद केला. पुन्हा वाजला. फोनवर नाव होतं बाबांचं, आणि बाबा ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नसत. "घरून आहे," ती म्हणाली. "सासऱ्यांचा. खरं तर याच ठिपक्याबद्दल असेल."

"ठिपक्याबद्दल? मग आम्हालाही ऐकू द्या की," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने स्पीकर लावला आणि आख्ख्या कक्षात बाबांचा आवाज दणाणला. "सूनबाई! अगं, मोठा घोटाळा झालाय! मी खुर्ची काय उचलली, पोरं येडी झालीत सगळी. जो तो फाटकापाशी येऊन बस थबकवतो आणि मान लांब करून आत बघतो. तेरावाल्याने तर बस कडेला लावली नि फाटकातून ओरडतोय, 'उस्ताद आहेत ना?' आहेत ना म्हणजे काय? मेलो का काय मी? आता सातवालाही उतरलाय. मी बाहेर गेलो तरी पंचाईत, आत बसलो तरी पंचाईत! तू सांग मी काय करू ते!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज आला रे! आहेत, आहेत! बरे आहेत!" आणि बरीच माणसं एकदम हसली. त्यात प्रवासीही असावेत.

मग अध्यक्षबाईंच्या स्वेटरमधून एक विचित्र आवाज आला. त्या हसत होत्या. हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडाला बाही लावली, तर ती बघूसाहेबांची बाही निघाली आणि त्या आणखीच हसायला लागल्या.

"बाबा, बाहेर जाऊन सगळ्यांना हात करा आणि आपापल्या बस घेऊन जायला सांगा," सूनबाई म्हणाली. "तुमचं ऐकतील." मग तिने समितीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. नमस्कार सांगितला, दवाखाना सांगितला, मिठाची गोष्टही सांगितली. नको होती, पण सांगून गेली.

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. "म्हणजे तुमच्या या डब्यांना असंही कळतं, की एक माणूस आज त्याच्या जागेवर नाही?"

"कळतं," सूनबाई म्हणाली. "मला कळलं नव्हतं. त्यांना कळलं."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. ठिपका हळूहळू विरत होता. मग म्हणाल्या, "अडथळा शोधणं तर जमलं. आता पुढचं दाखवा. तो माणूसही राहिला पाहिजे आणि रस्ताही चालला पाहिजे. तुमच्या या रेघेवर आहे अशी जागा?"

सूनबाईने रेघेवरून बोट फिरवलं. जिथे बस वाकली काय नि थांबली काय, मागच्याला फरक पडत नाही, अशी जागा. पंधरा, नाही. सोळा. सोळापाशी बसथांबा होता. तिथे बस रस्ता सोडून आत वळून उभी राहायची. बसचा वेग तिथे रोज शून्यावर यायचा आणि शेजारची रहदारी बिनधास्त पुढे जायची. एवढे दिवस ती रोज बघत होती, पण त्या शून्याचा काही उपयोग असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"इथे," ती म्हणाली. "खुर्ची इथे हलवायची."

सगळ्यांनी सवयीने बघूसाहेबांकडे पाहिलं. बघूसाहेब नुसत्या शर्टात कुडकुडत होते. "करून टाका!" ते म्हणाले, आणि कोपऱ्यात बसलेला खांबवाला खुर्चीवरून पडता पडता वाचला.

समितीने मान डोलावली. ती बातमी घेऊन सूनबाई घरी गेली तेव्हा बाबा दाराआडची खुर्ची पुसत होते. थांब्याचं ऐकून त्यांनी फडकं खाली ठेवलं. "थांब्यावर म्हणजे पोरं थांबलेलीच असणार," ते म्हणाले. "नुसता नमस्कार नाही, दोन शब्दही बोलता येतील. सातवाल्याला सांगायचंच होतं मला, क्लच फार दाबतो." आणि मग, पातेल्यावरचं झाकण उचलून, "आमटीला वास बरा येतोय आज."

आता बाबा रोज सकाळी थर्मास घेऊन सोळापाशी जातात. चौदाची रेघ हिरवीगार असते. सूनबाईने कामावर जायचा रस्ता बदललाय. गल्लीने जात नाही, मोठ्या रस्त्याने जाते. जरा लांब पडतं, पण जाते.

पहिल्या दिवशी ती थांब्यापाशी पोचली तेव्हा बाबा तेरावाल्याशी गप्पांत रंगले होते. तिने बसच्या मागून स्कूटर आत घेतली आणि पुढच्या ब्रेकला हळूच दोन बोटं लावली. स्कूटरने नाक खाली केलं नि वर केलं. बाबा बोलता बोलता थांबले. मग त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली, आणि लावलेली तशीच बराच वेळ ठेवली.

ती ऑफिसात पोचली तर खांबवाला पडद्याशी उभा. "मॅडम, सोळापाशी एक स्कूटर उगाचच अडखळली बघा. डबा तपासून येऊ का?"

"नको," स्वेटर घालत सूनबाई म्हणाली. "डबा बरोबर आहे. ती मी होते."